पिवळ्या पिल्लाचा तांबडा-काळा कोंबडा

बेंगळुरूत नोकरी आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे शेत, किंवा शहराच्याच कडेला देवनहळ्ळी-दोड्डबळ्ळापूरकडे घेतलेला जमिनीचा तुकडा, अशी मांडणी असलेली मराठी कुटुंबे दहा-वीस कोंबड्या हौसेने पाळतात. पिल्ले बहुधा एक दिवसाची आणली जातात. कोणी हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून गिरिराज किंवा स्वर्णधारा आणतात, कोणी हेसरघट्ट्याच्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेतून सुधारित जातीची, तर कोणी बाजारात 'नाटी कोळी' म्हणजे गावरान म्हणून मिळतील ती. मग प्रश्न सुरू होतात. काळी म्हणून घेतलेली पिल्ले करडी झाली, फसलो का? पिवळे पिल्लू म्हणजे ब्रॉयलरच ना? डोक्यावर पांढरा ठिपका आहे, तर तो नर की मादी? पाठीवर पट्टे असलेले पिल्लू अस्सल गावरान समजायचे का? या प्रश्नांची उत्तरे पिल्लाच्या अंगावर शोधली जातात आणि तिथेच घोळ होतो. अंगावरची लव एकटी फार थोडे सांगते. आई-बापांची माहिती जोडीला असेल तर तीच लव पुष्कळ सांगते. लव पाहून पुढचा रंग सांगण्यापेक्षा कोणते रंग येणार नाहीत हे ठरवणे अधिक भरवशाचे असते, आणि खरेदीचा निर्णय घ्यायला तेवढे पुरते.

लव आणि पिसे यांत अंतर का पडते

पहिल्या दिवशी दिसते ती रंगाची पायाभूत मांडणी. अंगभर काळा रंग आहे, पाठीवर पट्टे आहेत की रंग जवळपास नाहीच, एवढे त्या मांडणीतून कळते. काळा रंग मान-शेपटीपुरता आखडून ठेवणारा, तांबड्याला गडद लाल करणारा, प्रत्येक पिसावर रेघा उमटवणारा असे आणखी गुण पिल्लाच्या रक्तात असतात, पण त्यांचे काम पिसे फुटल्यावर दिसते. काही गुण तर वयात येताना संप्रेरकांच्या जोरावर उघड होतात. याचा पुरावा जुना आणि साधा आहे. अंडाशय काढलेल्या कोंबडीला पुढच्या पिसगळीनंतर कोंबड्यासारखी लांब, चकचकीत पिसे येतात. खच्ची केलेल्या कोंबड्याची पिसे मात्र कोंबड्यासारखीच राहतात. म्हणजे कोंबडीचा साधा, मिसळणीचा रंग हा तिच्या अंडाशयाने घातलेल्या मर्यादेचा परिणाम असतो. पहिल्या दिवशी या मर्यादेचा मागमूसही नसतो, त्यामुळे भाऊ आणि बहीण एकाच लवेत शेजारी बसलेले दिसतात.

असीलच्या गव्हाळ वाणात हे ठळकपणे दिसते. त्याची पिल्ले फिकट पिवळी, जवळजवळ सायीच्या रंगाची असतात. त्यातली मादी वाढून गव्हाळ होते, तर नर छातीला काळा आणि मानेला-पाठीला तांबडा निघतो. पिवळी लव पाहून 'हा पांढरा होणार' म्हणणारा माणूस इथे पुरता चुकतो. त्याच्या शेजारी आई-बाप पाहिलेला माणूस उभा असेल, तर तो नर-मादीचा अंदाज नसतानाही दोन्ही शक्यता बरोबर सांगेल.

लवेचे गट आणि त्यांतून काय वगळता येते

- पट्ट्यांची लव. पाठीच्या मधोमध रुंद गडद तपकिरी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना फिक्या रेषा, डोळ्याच्या कडेने मागे जाणारी रेघ. ही रानकोंबड्याची मूळ लव. पट्टे स्वच्छ असतील तर संपूर्ण काळा आणि संपूर्ण पांढरा या दोन शक्यता जवळपास बाद करता येतात. नर बहुधा काळ्या छातीचा तांबडा-सोनेरी होतो, मादी मातकट तपकिरी.
- गडद तपकिरी, तुटक खुणांची लव. पट्टे आहेत पण पुसट आणि वेडेवाकडे. इथे शक्यता फार आहेत, म्हणून भाकीत करू नका.
- काळी लव, पोट आणि हनुवटी पिवळट पांढरी. नवख्यांना वाटते की हे पिल्लू कबरे होणार. बहुतेक वेळा उलट होते: पांढरे पोट पहिल्या पिसांबरोबर झाकले जाते आणि पक्षी काळा होतो, किंवा काळ्या अंगावर मानेपुरती सोनेरी-रुपेरी झळक येते.
- काळी लव, डोक्यावर फिका ठिपका. अंगावर आडवे पांढरे-काळे पट्टे येण्याची शक्यता मोठी, म्हणजे प्लायमाउथ रॉकसारखी पिसे. या ठिपक्याचा नर-मादीशीही संबंध आहे, तो पुढे येतो.
- राखाडी-निळसर लव. पुढे निळसर करडा पक्षी. पण असे दोन पक्षी एकत्र केल्यास पिल्ले सरासरीने चौथाई काळी, अर्धी करडी आणि चौथाई मळकट पांढरी, शिंतोडे उडाल्यासारखी होतात.
- पिवळी लव. ही सर्वांत फसवी. तिच्यासाठी पुढे वेगळा भाग दिला आहे.

राखाडीच्या बाबतीत 'सरासरीने' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. चौथाई काळी म्हणजे आठ पिल्लांत दोन काळी असलीच पाहिजेत असे नाही. आठांत एकही काळे नसण्याची शक्यता दहांत एक इतकी आहे, आणि दहांत एक ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. विकणाऱ्याने आई-बाप करडे असल्याचे खरे सांगितले असेल आणि तुमच्या वाट्याला एकही काळे पिल्लू आले नाही, तर त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही.

'पण गावातल्या जाणत्यांना तर बरोबर कळते'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खराही आहे. खुडूक बसवण्यापासून तलंगा विकण्यापर्यंत सगळे हाताने केलेल्या बाईला लव पाहून पुढचा रंग सांगता येतो, यात आश्चर्य नाही. पण तिची माहिती फक्त लवेतून आलेली नसते. गल्लीत कोंबडे दोन-तीनच, कोणत्या कोंबडीखाली कोणाची अंडी ठेवली हे तिला ठाऊक, आणि त्याच रक्ताच्या मागच्या कित्येक पिढ्या तिने पाहिलेल्या. ती लव वाचते ते आई-बाप धरूनच. बाहेरचा कोंबडा कळपात आला की हीच जाण डळमळते. स्वातंत्र्यानंतर देशी कोंबड्यांची सुधारणा म्हणून ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट लेगहॉर्न यांसारख्या विलायती जातींचे नर खेडोपाडी वाटले गेले. त्यांचे रक्त आजच्या 'गावरान' कळपांत ठिकठिकाणी मुरलेले आहे. बाजारातल्या टोपलीत तर दहा ठिकाणची पिल्ले एकत्र असतात. तिथे जाणत्याची आणि नवख्याची अवस्था सारखीच.

विलायती जातींचे रंगीत तक्ते पाहून निर्णय घेणाऱ्यांनाही हेच लागू पडते. ते तक्ते चूक नसतात. पण ते पिढ्यानपिढ्या एकाच रंगासाठी निवडलेल्या, बंदिस्त जातींचे असतात. आपल्याकडची बहुतेक पिल्ले तशा जातींची नसतात, म्हणून तक्त्यातला फोटो तंतोतंत जुळला तरी निष्कर्ष जुळेलच असे नाही.

पिवळे पिल्लू: किमान चार वाटा

पिवळ्या लवेमागे निदान चार वेगवेगळी कारणे असू शकतात. पहिले, काळा रंग दाबून टाकणारा प्रबळ पांढरा गुण. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा रंग या प्रकारचा. दुसरे, रंग तयारच होऊ न देणारा, पण दोन्ही पालकांकडून यावा लागणारा पांढरा गुण. व्हाइट प्लायमाउथ रॉकमध्ये तो आढळतो. तिसरे, वर सांगितलेली असीलची गव्हाळ लव. चौथे, रुपेरी गुण, ज्यामुळे एरवी तांबूस झाली असती अशी लव फिकी पडते. डोळ्यांना चारही सारखीच, थोड्याफार छटेच्या फरकाने.

पांढऱ्याचे पहिले दोन प्रकार वेगळे करणे हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही, कारण पुढच्या पिढीत ते नेमके उलटे वागतात. तुमच्या रंगीत देशी कोंबडीवर पांढरा लेगहॉर्न नर सोडलात, तर पिल्ले जवळपास सगळी पिवळी येतील आणि वाढून पांढरीच होतील. फार तर अधूनमधून एखादे काळे पीस दिसेल. त्याच कोंबडीवर प्लायमाउथ रॉकचा पांढरा नर सोडलात, तर पिल्ले सहसा रंगीत येतील, आणि कोणते रंग येतील ते त्या पांढऱ्या नराकडे पाहून कळणार नाही. त्याच्या पांढऱ्या पिसांखाली काय दडले आहे ते पिल्लांतच दिसेल. 'पांढऱ्या कोंबड्याची पिल्ले रंगीत कशी?' म्हणून भांडणे होतात ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात. भांडण्यापूर्वी बाप कोणत्या जातीचा होता ते विचारा.

ब्रॉयलरची शंका मात्र रंगावरून नव्हे, वाढीवरून फेडा. ब्रॉयलरचे पिल्लू योग्य खाद्यावर सहा आठवड्यांत साधारण दोन किलोच्या घरात जाते. पाय जाड, छाती रुंद, चाल जड. गावरान पिल्लू त्या वयात त्याच्या जवळपासही नसते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत एवढा फरक पडलेला असतो की वजनकाट्याचीही गरज लागत नाही.

गिरिराज, स्वर्णधारा घेताना

गिरिराज हा पक्षी १९८९ मध्ये हेब्बाळच्या संशोधकांनी परसातल्या पालनासाठी तयार केला. तेव्हा हा विभाग बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात होता. महाराष्ट्रातही तो चांगलाच पसरला. अशा संकरित पक्ष्यांची निवड वजन, अंडी आणि काटकपणा यांसाठी झालेली असते. रंगीत असणे हवे होते, कारण खेड्यातला ग्राहक पांढऱ्या कोंबडीला गावरानचा भाव देत नाही. पण सगळे पक्षी एकाच रंगाचे असावेत हा हेतू नव्हता. म्हणून एका पेटीतली पिल्ले पिवळी, तपकिरी, काळी, पट्टेदार अशी निरनिराळी असणे हे भेसळीचे लक्षण नाही. उलट त्यांतून 'जास्त अंडी देणारा रंग' निवडून मागण्याचा खटाटोप निरर्थक आहे. पेटी घेताना नाभी नीट मिटली आहे का, पिल्लू पायावर ताठ उभे राहते का, डोळे टवटवीत आहेत का, गुदद्वार कोरडे आहे का, हे पाहण्यात तो वेळ घालवा.

कडकनाथ: लव सोडा, कातडी पाहा

रंगावरून सर्वांत जास्त पैसे जातात ते कडकनाथमध्ये, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातली ही जात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणी आणखी वाढली. खरेदीदाराच्या डोक्यात समीकरण बसले: काळे पिल्लू म्हणजे कडकनाथ. ते दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. कडकनाथच्या पिसांचे तीन वाण मानले जातात: गडद काळा, रुपेरी रेघांचा आणि सोनेरी. एक दिवसाच्या पिल्लाची लव निळसर ते काळी आणि पाठीवर अनियमित गडद पट्टे असलेली असते. म्हणजे मानेवर सोनेरी पिसे असलेला नर अस्सल असू शकतो आणि डांबरासारखा काळा देशी पक्षी कडकनाथच्या जवळपासही नसू शकतो. या जातीची ओळख पिसांत नाही. कातडी, मांस, हाडांवरचे आवरण आणि आतले अवयव यांत साठणाऱ्या काळ्या रंगद्रव्यात आहे. पांढऱ्या सिल्की कोंबडीत हाच गुण असतो: पिसे शुभ्र आणि आत कातडी काळी. पिसांचा काळा आणि कातडीचा काळा हे दोन स्वतंत्र मामले आहेत, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

म्हणून पिल्लू हातात घेतल्यावर लव बाजूला सारून कातडी पाहा. चोच, पायाच्या नळ्या, तळवे, जीभ आणि तोंडाचा आतला भाग पाहा. हे सगळे फिके असेल तर पिल्लू कडकनाथ नाही, एवढे नक्की. ते काळे असेल तर मात्र शुद्ध असल्याचे सिद्ध होत नाही. कातडी काळी करणारा गुण प्रबळ आहे, एका पालकाकडून आला तरी उतरतो. त्याच्या विरोधात रंग दाबणारा दुसरा गुण असतो आणि तो लिंगाशी जोडलेला आहे. बेटसन आणि पनेट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९११ मध्ये सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न यांच्या संकरातून हे दाखवले. बाप सिल्की आणि आई लेगहॉर्न असेल तर मुली गडद आणि मुलगे फिके. उलट जोडी लावली तर सगळीच फिकी. हाच हिशेब कडकनाथला लावला तर व्यवहारातला अर्थ असा निघतो: कडकनाथ नर आणि साधी फिक्या नळ्यांची कोंबडी यांच्या पोटच्या माद्या चांगल्या काळ्या दिसू शकतात आणि शुद्ध म्हणून खपू शकतात. त्याच पेटीतले नर फिके असतील तर तिथे शंका घ्यायला जागा आहे. एकच पिल्लू पाहून ही शंका येणार नाही. पूर्ण पेटी पाहिली तर येईल.

किमतीपेक्षा मोठा धोका परतखरेदीच्या हमीत असतो. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातून पसरलेले कडकनाथ प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आले. पिल्ले द्यायची आणि अंडी-पक्षी चढ्या भावाने परत घ्यायचे, अशा योजनेत महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्यात पक्षी शुद्ध होते की नव्हते हा दुय्यम प्रश्न होता. तुम्हाला कोणी पिल्लाच्या काळेपणाची खात्री पटवत असेल, तर करारातल्या भावाची खात्री आधी मागा.

पहिल्याच दिवशी नर-मादी: कधी शक्य, कधी नाही

आणखी एक आक्षेप असा: हॅचरीत तर पहिल्याच दिवशी रंगावरून नर-मादी वेगळे करतात, मग लव सांगत नाही असे कसे म्हणता? करतात, कारण तिथे आई-बाप ठरवून आणलेले असतात. पक्ष्यांत आई आपले लिंगाशी जोडलेले गुण फक्त मुलग्यांना देते. मुलींना ते बापाकडून मिळतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात पनेट यांनी याचा उपयोग सुचवला, हेतू हा की नर पिल्लांवर धान्य वाया जाऊ नये. आज तपकिरी अंडी देणाऱ्या व्यावसायिक कोंबड्यांत हीच युक्ती चालते. तुम्हाला घरी करायची असेल तर दोन जोड्या भरवशाच्या आहेत:

- ऱ्होड आयलंड रेड नर आणि लाइट ससेक्ससारखी रुपेरी मादी. नर पिल्ले फिकी पिवळी, मादी पिल्ले तांबूस.
- ऱ्होड आयलंड रेड किंवा पट्टे नसलेला काळा नर आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक मादी. ज्यांच्या डोक्यावर फिका ठिपका ती नर, ठिपका नसलेली मादी.

यात चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नर-मादीची अदलाबदल केली, म्हणजे पट्टेदार नर आणि लाल मादी घेतली, तर सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर ठिपका येतो आणि काहीच कळत नाही. आई पांढरी लेगहॉर्न असेल तर तिचा प्रबळ पांढरा रंग सगळे झाकून टाकतो. वरच्या जोड्यांची पिल्ले मोठी करून त्यांचीच आपसांत जोडी लावली, तर दुसऱ्या पिढीत ही ओळख मोडते. दर वेळी मूळ जोडीच लागते. शुद्ध पट्टेदार जातीत नर आणि मादी दोघांनाही ठिपका असतो. नराचा मोठा आणि विसकटलेला, मादीचा लहान आणि रेखीव, आणि मादीच्या नळ्या बहुधा जास्त गडद. हा फरक शेजारी-शेजारी ठेवून दिसतो; एकटे पिल्लू हातात घेऊन ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पंखांची पिसे लांब-आखूड पाहून लिंग ओळखण्याची पद्धतही अशीच ठरावीक संकरापुरती चालते. गावरान पिल्लांवर ती वापरली तर नाणे उडवण्याइतकाच उपयोग.

गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले

रस्त्यावर मुलांना भुरळ घालणारी रंगीत पिल्ले ही रंगात बुचकळलेली असतात. बहुतेक वेळा अंड्यांच्या जातीतले नको असलेले नर. खालची लव पिवळी असते आणि पहिली खरी पिसे फुटली की तो रंग जातो. पंखांच्या टोकाला निघणारी कोवळी पिसे पाहा, त्यांत खरा रंग दिसेल. घेऊ नका, एवढाच सल्ला. थकलेली, उपाशी पिल्ले काही दिवसांत दगावतात. प्राण्यांना विनाकारण यातना देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पोलिसांकडे तक्रार करता येते.

पट्टेदार लवेबाबत एक इशारा. पश्चिम घाटालगत शेत असेल आणि झुडपात पट्टेदार पिल्ले दिसली, तर ती गावरान समजून उचलून आणू नका. राखी रानकोंबडीची पिल्लेही पट्टेदारच असतात आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बाळगणे गुन्हा आहे.

रंग पक्का कधी समजायचा

घाई असेल तरी या टप्प्यांआधी निकाल देऊ नका. आठ-दहा दिवसांत पंखांवर फुटणारी पिसे हा लवेपेक्षा बराच चांगला पुरावा. पिवळे पिल्लू पांढरे होणार की गव्हाळ, हे बहुधा इथे कळते. चार-पाच आठवड्यांत अंग पिसांनी भरते, पण हा संच तात्पुरता असतो. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांच्या सुमारास ती पिसे बदलू लागतात. दहा-बारा आठवड्यांत नराच्या मानेवर आणि कंबरेवर टोकदार, चमकदार पिसे येतात आणि तेव्हाच तांबडा, सोनेरी, रुपेरी यांचा फैसला होतो. अठरा-वीस आठवड्यांत दिसतो तो प्रौढ रंग. पैदाशीसाठी नर निवडायचा असेल तर निदान बारा आठवडे थांबा. दुसऱ्या महिन्यात 'रंग आला नाही' म्हणून विकून टाकलेला नर पुढे नेमका हवा तसा निघणे ही नेहमीची गोष्ट आहे.

कबुतरे आणि पिंजऱ्यातले पक्षी पाळणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे लवेचा भरवसा काही बाबतीत कोंबड्यांपेक्षा जास्त आहे. फिक्या रंगाच्या कबुतराचे पिल्लू अंड्यातून जवळपास उघडे, लव नसल्यासारखे बाहेर येते. कॉकटीलच्या पिल्लाची लव पिवळ्याऐवजी पांढरी असेल तर चेहऱ्याला पिवळा रंग येणार नाही.

घेताना काय विचारायचे, काय लिहून घ्यायचे

- आई आणि बाप कोणत्या जातीचे? 'देशी' हे उत्तर पुरेसे नाही. शक्य असेल तर पक्षी पाहा.
- पिल्ले पहिल्या पिढीतल्या संकराची आहेत की संकराची आपसांत केलेली पैदास?
- एकटे पिल्लू निवडू नका. पूर्ण पेटी पाहा आणि तिचा फोटो काढा.
- जन्मतारीख, मरेक्सची लस दिली का, आणि राणीखेतची लस कधी द्यायची?
- जात, नर-मादी किंवा रंग यांबद्दल तोंडी दिलेले आश्वासन पावतीवर उतरवून घ्या. नकार मिळाला तर तेही उत्तरच आहे.
- घरी आल्यावर पिल्लांच्या पायांत रंगीत कडी घाला आणि दर आठवड्याला फोटो ठेवा.

पावतीचा आग्रह तक्रारीसाठी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही घरगुती वापरासाठी किंवा स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी पिल्ले घेतली असतील तर तुम्ही ग्राहक ठरता. मोठ्या व्यापारासाठी घेतली असतील तर नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, म्हणजे पिल्ले सांगलीहून आणली तरी बेंगळुरूत करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहा. लहान रकमेचे प्रकरण तिथेच मिटण्याची शक्यता असते. मात्र तक्रार कशाची करता याबद्दल मनात स्पष्टता हवी. 'कडकनाथ' लिहून दिले आणि कातडी पांढरी निघाली, 'सगळ्या माद्या' लिहून दिल्या आणि अर्धे आरवू लागले, या तक्रारी टिकतात. 'लव काळी होती आणि पिसे करडी आली' ही टिकत नाही, कारण विकणाऱ्याने पिसांचा रंग लिहून दिलेला नसतो, आणि लवेवरून तो सांगता येत होता असे आयोगापुढे सिद्ध करणे तुम्हालाही जमणार नाही.